मांड कोणाचा?

युनिक्स ही संगणकप्रणाली शिकवणारा जवळजवळ प्रत्येक शिक्षक पहिल्या किंवा दुसऱ्या प्रॅक्टिकलला 'मॅन' ही आज्ञा शिकवतो. 'मॅन' म्हणजे मॅन्युअल, माहितीपुस्तिका. तिच्यापुढे दुसऱ्या कोणत्याही आज्ञेचे नाव टाइप केले की त्या आज्ञेची साद्यंत माहिती पडद्यावर येते. एवढे सांगून झाले की शिक्षक क्षणभर थांबतो आणि मुलांना 'मॅन वुमन' असे टाइप करायला सांगतो. 'वुमन' या नावाची पुस्तिका उपलब्ध नाही, असे उत्तर येते आणि वर्ग हसतो. बाईला समजून घेण्याची पुस्तिका खुद्द संगणकाकडेही नाही, असा त्या हसण्याचा भावार्थ. गोव्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवू लागल्यापासून मी हा विनोद दरवर्षी न चुकता केला, कारण माझ्या सरांनी तो केला होता आणि बहुधा त्यांच्या सरांनीही.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका दुपारी, गेलेली वीज नुकतीच परत येऊन यूपीएसची पिपाणी थांबली असताना, मी तो ठरल्याप्रमाणे केला. हसणे ओसरल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "सर, 'मॅन मॅन' घालून पळयलें. ताचें मॅन्युअल आसा." मग स्वतःशीच बोलावे तशी पुटपुटली, "दादल्याक मॅन्युअल लागता, बायलेक लागना." (पुरुषाला पुस्तिका लागते, बाईला लागत नाही.) माझ्या विनोदाला वर्ग हसला होता त्याच्या दुपटीने हसला. मीही हसलो, पण घरी जाताना ते वाक्य डोक्यात घोळत राहिले, कारण ते तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होते. 'मॅन' या आज्ञेची स्वतःचीही पुस्तिका असते, आणि हे ठाऊक असल्याशिवाय किंवा तिथल्या तिथे करून पाहिल्याशिवाय तो विनोद सुचणेच शक्य नव्हते. माझ्या विनोदाला मात्र युनिक्सचे काहीच ज्ञान लागत नव्हते. त्याला लागत होती ती फक्त 'बाई कोणाला कळली आहे?' ही चावडीवरची समजूत. (इमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये 'वुमन' नावाची सोय खरोखरच आहे, आणि ते नाव 'विदाउट मॅन' या शब्दांपासून बनवले आहे, कारण 'मॅन' या प्रोग्रामची मदत न घेता ती पुस्तिका वाचून दाखवते, हे मला त्यानंतर कळले. म्हणजे उत्तर आधीपासून तयार होते, आमच्या प्रयोगशाळेत ते कोणी पाहिले नव्हते इतकेच.)

प्रोग्रामिंगच्या जगात स्त्री-पुरुषांवरून जे विनोद चालतात त्यांबद्दल बोलताना चर्चा लगेच 'कोणाच्या भावना दुखावल्या' या वळणावर जाते आणि तिथेच संपते. माझा आक्षेप आधी कारागिरीचा आहे. हे विनोद बहुतांशी उधारीचे असतात. १९९० च्या दशकात ईमेलवर फिरलेला आणि पुढे मराठीत व्हॉट्सॲपवर स्थिरावलेला 'बायको १.०' हा त्यांतला मुकुटमणी: प्रेयसीची आवृत्ती काढून बायकोची बसवली, तर तिने सगळी मेमरी व्यापली, मित्रमंडळी नावाचा प्रोग्राम परस्पर बंद केला, आणि सासू नावाची फाइल न विचारता आपोआप बसली. यातले 'मेमरी' आणि 'फाइल' हे शब्द काढून पाहावेत. मागे उरतो तो आपल्या दिवाळी अंकांतल्या व्यंगचित्रांनी पन्नास वर्षे वापरून गुळगुळीत केलेला लाटण्याचा विनोद. संगणकाने त्यात काही भर घातलेली नाही. युनिक्सच्या आज्ञांची नावे एकापुढे एक मांडून केलेला, इथे लिहिता न येण्यासारखा एक विनोदही याच जातीचा आहे, फक्त त्याची शाळा वेगळी.

याच्या शेजारी दुसरा एक विनोद ठेवतो. मूळ इंग्रजी विनोदात दूध आणि अंडी आहेत; आमच्या स्टाफरूममध्ये त्याचे गोमंतकीकरण झाले आहे. बायको प्रोग्रामर नवऱ्याला सांगते, "म्हापशाच्या बाजारातून येताना एक नारळ आणा, आणि बांगडे असतील तर सहा आणा." नवरा सहा नारळ घेऊन घरी येतो. "एवढे नारळ कशाला?" "बांगडे होते ना!"

या विनोदातही नवरा आहे, बायको आहे, आणि बाजारहाटाची यादी बायकोच्या तोंडी आहे, म्हणजे साचा जुनाच. पण त्याची खुंटी साच्यात रुतलेली नाही, वाक्यरचनेत आहे. 'सहा आणा' म्हणताना काय सहा, हे मराठी माणूस न सांगता समजून घेतो. यंत्र तसे समजून घेत नाही, आणि यंत्राशी दिवसभर बोलून माणूसही यंत्रासारखा अक्षरशः ऐकू लागतो. नवरा-बायकोच्या जागी आई आणि मुलगी घातली, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ घातला, तरी विनोद जसाच्या तसा राहतो. 'बायको १.०' मध्ये अदलाबदल करून पाहिली तर तो कोसळतो. विनोदात बाई असावी की नसावी, यावर हुज्जत घालण्यापेक्षा ही अदलाबदल करून पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. कोडमध्ये एका चलाच्या जागी दुसरे घालून तपासावे तसे हे तपासता येते, आणि आम्ही हे काम एरवी पोटासाठी करतोच.

आता साच्यांविषयी, कारण ते दिसतात तितके जुने नाहीत. 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला चिकटण्याआधी इंग्रजीत त्याचा अर्थ आकडेमोड करणारी व्यक्ती असा होता, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ही व्यक्ती बहुधा स्त्री असे. फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फियात 'एनियाक' जगापुढे आला. सुमारे १८,००० निर्वात नळ्यांच्या त्या यंत्राकडून तोफगोळ्याच्या मार्गाचे गणित करून घेण्याची जुळणी सहा तरुणींनी केली होती: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिख्टरमन. यंत्र बांधणे हे मोठे काम आणि त्याला काम सांगणे हे कारकुनी, अशी तेव्हाची समजूत असल्याने दुसरे काम मुलींकडे आले. उद्घाटनानंतरच्या मेजवानीला त्यांना बोलावण्याची मात्र कोणाला आठवण झाली नाही. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरचा पाया १९५२ साली घालणाऱ्या ग्रेस हॉपर यांनी १९६७ मध्ये एका अमेरिकी महिला मासिकाशी बोलताना प्रोग्रामिंगची तुलना मेजवानीच्या तयारीशी केली. सगळे आधी योजून ठेवावे लागते, संयम लागतो, बारकाव्यांकडे लक्ष लागते, म्हणून स्त्रियांना हे काम उपजतच जमते, असे त्यांचे म्हणणे होते.

हाही साचाच होता, आणि कौतुकाचा असला म्हणून तो कमी साचा ठरत नाही. पण पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. पगार वाढले, कामाला प्रतिष्ठा आली. माणसांत न रमणारा तो चांगला प्रोग्रामर, अशा अर्थाच्या मानसशास्त्रीय चाचण्या १९६० च्या दशकात नोकरभरतीत शिरल्या. १९८० च्या दशकात घरगुती संगणक मुलग्यांचे खेळणे म्हणून विकला गेला. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांमध्ये १९८५ च्या सुमारास स्त्रिया ३७ टक्क्यांच्या आसपास होत्या. २०१० च्या सुमारास त्या १८ टक्क्यांवर आल्या. या २५ वर्षांत स्त्रियांच्या मेंदूची रचना बदलल्याची नोंद कुठे नाही. बदलली ती समजूत: जी बाई संयमी म्हणून या कामाला लायक होती, तीच आता तर्कात कच्ची म्हणून नालायक ठरली. विनोद नेहमी अशा बदलाच्या मागोमाग येतो आणि येताना आपण सनातन असल्याचा आव आणतो. आपला विनोद ताज्या समजुतीवर उभा आहे, हे हसणाऱ्याला ठाऊकच नसते.

आपल्याकडे तर गंमत आणखी वेगळी आहे. भारतात माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांत साधारण एक तृतीयांश स्त्रिया आहेत आणि माझ्या वर्गात मुली जवळपास निम्म्या असतात. प्रवेशाच्या दिवसांत फोंड्यापासून काणकोणपर्यंतच्या काक्या-माम्या एकच सल्ला देतात: मुलीसाठी कॉम्प्युटर बरा, एसीत बसायचे, उन्हातान्हात साइटवर जायला नको. म्हणजे घरात 'मुलींची लाइन' म्हणून जी शाखा पसंत केली जाते, तिच्याच प्रयोगशाळेत पाऊल टाकल्यावर त्या मुलीला 'मुलींना कोडिंग जमत नाही' असे विनोद ऐकावे लागतात. एकाच मुलीवर दोन परस्परविरोधी साचे, आणि दोन्ही मांडणाऱ्यांना आपापल्या साच्याविषयी कणभर शंका नाही. यातला दुसरा आम्ही अमेरिकेतून आणला. तिथल्या चष्मेवाल्या, प्रेयसी नसलेल्या, तळघरात पिझ्झा खाणाऱ्या मुलाचे चित्र टी-शर्टवर छापून इकडे आले, आणि गोव्यात कोणाच्याही घराला तळघर नसले तरी आम्ही ते अंगावर चढवले. त्या चित्रात मुलांचीही टवाळीच आहे. बोलता न येणारा, अंघोळीचा कंटाळा असलेला मुलगा म्हणजे हुशार, हे ऐकून नीटनेटकी, बोलकी मुले आपण बहुधा खरे प्रोग्रामर नाही असे समजू लागतात. तशी दोन-तीन मुले मी जवळून पाहिली आहेत.

विनोद हसून संपतो असे म्हणणाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा एकदा बसून पाहावी. चार जणांचा गट असतो, तीन मुले आणि एक मुलगी. काम वाटून घेताना कोणीतरी हसत म्हणतो, "तुझे अक्षर चांगले आहे, तू रिपोर्ट कर." रिपोर्ट टाइप करायचा असतो, अक्षराचा त्याच्याशी काही संबंध नसतो, पण वाक्य विनोदाचे म्हणून कोणी तपासत नाही. एका वर्षी अशाच एका गटात मासळी बाजारातल्या दरांची नोंद ठेवणारी प्रणाली होती, आणि तिचा सर्व्हरकडचा जवळजवळ सगळा कोड गटातल्या मुलीने लिहिला होता. मी ते आठवडोन्-आठवडे पाहिले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डेटाबेसविषयीचे प्रश्न तिन्ही मुलांना विचारले आणि मग तिच्याकडे वळून सौम्यपणे म्हणाले, "डॉक्युमेंटेशन तुम्ही केलंत ना? छान केलंय." ते गृहस्थ उद्धट नव्हते, उलट कौतुक करत होते. मुलगी म्हणाली, "थँक यू, सर." मुलांपैकी एकजण काही बोलण्यासाठी पुढे सरकला आणि थांबला. मीही गप्प राहिलो, कारण परीक्षकाला मध्येच टोकायचे नसते असा रिवाज आहे. तिला गुण चांगले मिळाले. पण वर्षभर जे थट्टेत बोलले गेले होते तेच त्या खोलीत कोणीही न हसता निष्कर्ष म्हणून उच्चारले गेले, आणि ते ऐकून एकालाही नवल वाटले नाही. विनोद काय करतो, असे विचारणाऱ्याला मी एवढेच दाखवू शकतो: तो नवल वाटण्याची सवय घालवतो.

'मुलीसुद्धा हसतात' हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. हसतात, यात शंका नाही. पंचवीस जणांच्या खोलीत सगळे हसत असताना गंभीर चेहऱ्याने बसणे म्हणजे 'हिला विनोद कळत नाही' हा शिक्का ओढवून घेणे, आणि ज्या धंद्यात रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावर कोण कोणाला फोन करतो यावर पुढची बढती ठरते, तिथे तो शिक्का महाग पडतो. म्हणून हसणे ही प्रवेशाची फी होते. आणि अशी फी नेहमी नव्या माणसालाच भरावी लागते.

'बायकाही पुरुषांवर विनोद करतात' हा दुसरा युक्तिवाद मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो, कारण गोव्यात तो खराच आहे. आमच्याकडे टवाळी परंपरेने चालत आली आहे. शिगम्यात तोंडाला लगाम नसतो, झागोर या लोकनाट्यात गावातल्या बड्या धेंडांची खिल्ली उडते, आणि पौषातल्या धालो या नाचगाण्याच्या उत्सवात बायका मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेवर, जमून रात्री जागवतात, शेवटी शेवटी पुरुषांची सोंगे घेऊन त्यांची यथेच्छ टर उडवतात. माझी आजी त्या सोंगांचे वर्णन करताना पदर तोंडाला लावून हसत असे आणि नेमके काय बोलले गेले ते आम्हा मुलांना कधीही सांगत नसे. पण धालोत मांड बायकांचा असतो. तिथे टर उडवणारी बाई दुसऱ्या दिवशी त्याच पुरुषाच्या घरात, त्याच्या शब्दाखाली वावरणार असते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तिला जे बोलता येत नाही ते बोलण्यासाठी त्या रात्री राखून ठेवलेल्या आहेत. प्रयोगशाळेतल्या विनोदात हे उलटे असते. मांड ज्यांचा, तेच टर उडवतात, आणि तीही त्या मांडावर नुकत्याच येऊन उभ्या राहिलेल्यांची. दोन्हीकडे हसणे सारखेच ऐकू येते म्हणून दोन्ही सारखे ठरत नाहीत. त्या मुलीने 'मॅन मॅन'चे जे उत्तर दिले ते धालोच्या जातीचे होते, असे मला आता वाटते.

याचा अर्थ प्रत्येक शब्द चाळून काढावा असा नव्हे, आणि या बाबतीत माझे काही उत्साही सहकाऱ्यांशी पटत नाही. इलेक्ट्रिशियन प्लग आणि सॉकेटला मेल-फिमेल म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काही नसते, आणि त्या शब्दांमुळे कोणाला रिपोर्ट टाइप करावा लागत नाही. कोंकणीत लहान किंवा तरुण मुलीविषयी 'तें आयलें' असे नपुंसकलिंगात बोलतात. त्यात माया असते, आणि त्यावरून कोंकणी मुलीला वस्तू मानते असा निष्कर्ष काढणाऱ्याने ती भाषा कधी घरात ऐकलेली नसावी. व्याकरणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून काही हाती लागत नाही. व्याकरण कधीकधी साक्षीदार म्हणून मात्र उपयोगी पडते. ॲपलच्या फोनवरच्या सिरी या बोलक्या मदतनिसाला कोणी अश्लील शिवी दिली तर ती पूर्वी जे उत्तर देत असे, तेच वाक्य युनेस्कोने २०१९ मध्ये या विषयावरच्या आपल्या अहवालाचे शीर्षक म्हणून वापरले. इंग्रजीत त्या वाक्यात लिंग कुठेच दिसत नाही. मराठीत ते लिहायला घ्यावे तर 'लाजता आले असते तर लाजले असते' किंवा 'लाजलो असतो' यांतले एक निवडावेच लागते, आणि कोणते निवडायचे हे विचारण्याची गरज मराठी वाचकांपैकी एकालाही भासत नाही. शिवी खाऊन लाजणारे यंत्र बाईच असणार, हे आपण वाक्य पूर्ण होण्याआधीच ठरवलेले असते.

याहून जुने उदाहरण माझ्या स्वतःच्या विषयातले आहे. प्रतिमाप्रक्रिया शिकणाऱ्या प्रत्येकाने टोपी घालून खांद्यावरून मागे पाहणाऱ्या 'लेना'चे चित्र पाहिलेले असते. ५१२ गुणिले ५१२ चौकटींचे ते चित्र १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत 'प्लेबॉय' मासिकाच्या नोव्हेंबर १९७२ च्या अंकातून, खांद्यापर्यंत कापून, स्कॅन केले गेले आणि पुढे जगभर नमुना म्हणून चालले. केस, पिसे, गुळगुळीत त्वचा, अंधुक पार्श्वभूमी यांमुळे ते तपासणीला सोयीचे आहे, असे आम्हाला शिकवले जाई आणि ते खोटे नव्हे. पण कापलेल्या भागाची कथा मोठी मुले धाकट्यांना डोळा मारून सांगत, मी ती अशीच ऐकली, आणि ती ज्याला ठाऊक तो आतला, असा एक अलिखित हिशेब होता. आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने १ एप्रिल २०२४ पासून हे चित्र असलेले लेख स्वीकारणे बंद केले. मी त्याआधीच ढब्बू मिरच्यांचे चित्र वापरू लागलो होतो. त्यात रंगही अधिक आहेत, आणि विद्यार्थ्यांचे काही अडले नाही.

'केअर्स' योजनेमुळे गोव्यातल्या शाळांत सहावी ते आठवीची मुले आता कोडिंग आणि रोबोटिक्स शिकतात. अकरा-बारा वर्षांच्या या मुलांना अजून कोणता विनोद कोणावर करायचा हे ठाऊक नसते. आज्ञा चुकली आणि गाडी भिंतीवर आदळली की मुलगे आणि मुली सारख्याच जोराने ओरडतात. त्यांना शिकवणाऱ्यांपैकी काहीजण आमचेच विद्यार्थी आहेत, आणि आमच्याकडून त्यांनी 'मॅन'बरोबर आणखी काय काय नेले असेल याचा विचार केला की मला बरे वाटत नाही.

मी तो विनोद करणे थांबवले आहे. त्याच्या जागी पहिल्या सेमिस्टरला, अटींचा धडा आला की, नारळ आणि बांगड्यांचे वाक्य फळ्यावर लिहितो आणि त्याचे दोन्ही अर्थ चालवून दाखवणारे दोन प्रोग्राम लिहायला सांगतो. यंदा जर्नल तपासताना एका मुलीच्या प्रोग्राममध्ये मी न मागितलेली एक अट सापडली: बांगडे नसतील, आणि नारळही नसेल, तर सुक्या सुंगटांची (कोलंबीची) किसमूर करावी. किसमुरीला खोवलेला नारळ लागतो, म्हणून तिथे लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले. बाकी प्रोग्राम निर्दोष चालत होता. नवरा आणि बायको ही नावे तिने काढून टाकली होती. यादी सांगणाऱ्या पात्राला तिने स्वतःचे नाव दिले होते, आणि सहा नारळ घेऊन घरी परतणाऱ्या चलाचे नाव ठेवले होते 'सर'.